तारीख ठेव, वाक्य काढ

हॅलो?… हॅलो, गार्गी?… हॅलो… अवं मी मंजुळाआत्या, मोताळ्याहून… हाव, आत्याच. ह्यायच्या फोनवरून बोलून राह्यली, म्हनून नाव नाई दिसलं तुले… नाई वं, सगळे बरे हायेत. काऊन, फोन केला म्हंजे कोनाले काई झालंच पाह्यजे का?

जेवली?… काय केलं होतं?… पुण्यात थंडी पडली का?… पडली म्हंजे किती?… बरं. इथी अजून पंखे चालू हायेत. दिवाळी तोंडावर आली तरी पंखे.

हे काय आरडलं?… कोंबडा? पुण्यात कोंबडे पाळतेत लोकं?… शेजाऱ्याचा. बरं बाप्पा. पुण्याचं काई सांगता येत नाई.

हे? हे काय, बाजूलेच बसले हायेत. त्यायनंच फोन लावून देल्ला… अहो, बोलते ना. आधी ख्यालीखुशाली तं इचारू द्या. पोरीले एकदम कामाचं कसं सांगू?

अवं ऐक ना. रविवारी ह्यायचा सत्कार हाये, तुले मालूमच हाये. पंच्याहत्तरीचा. गौरव अंक काढून राह्यले, उद्या प्रेसले जाते. नाव ठेवलं 'बीजपुरुष'… हासू नको. मी नाई हासली. मले इथंच राहाचं हाये.

तं तुहा लेख आला… हाव, भेटला. समितीनं बसून वाचला. लय आवडला सगळ्यायले… म्हंजे वरचा अर्धा आवडला.

वरचा म्हंजे, जिल्ह्यात पह्यली वेबसाइट आपल्या कृषी केंद्राची, दोन हजार चार सालची, ते तू पुराव्यानिशी दाखवलं ना, तो. हे कालपासून दारात येईन त्याले वाचून दाखवून राह्यले. दूधवाल्याले बी दाखवलं… तो काय म्हननार? 'हाव काकाजी' म्हनला, आन पुढच्या घरचं दूध नासून गेलं त्याचं.

नाई तं आधी कोनी मानतच नव्हतं ना! देऊळगाव राजाचे एक दुकानदार हायेत, ते म्हनत आमची पह्यली. म्हनून तं ह्यायनं तुले सांगतलं, की बाई, तू एवढी त्याच्यातच पीएचडी करून राह्यली, काढ शोधून. आन तू काढली! मले लोकं इचारतेत, तुमची भाची पुण्यात काय करते? मी सांगते, बंद पडलेल्या वेबसाइटी शोधते. शेजारच्या सत्यभामाबाई म्हने, चालू हायेत त्या काऊन नाई शोधत?… मी म्हनलं, चालू हायेत त्या कोनालेही सापडतेत, त्याले पुण्याले काऊन जा लागते?

आता त्या पत्त्यावर काय दिसते म्हनली?… चपला?… कोनत्या भाषेत?… अहो, तुमच्या वेबसाइटीवर आता चपला विकून राह्यले. चिनी… गप बस म्हनतेत.

बरं, काम असं हाये. तुह्या लेखात त्या जुन्या पानाचं चित्र हाये ना?… हाव, तेच. शुभलाभ, आन कपाशीचं बोंड लुकलुकते ते. त्याच्यावर तारीख हाये, ती ठेव. तारीख लय चांगली हाये म्हनतेत हे. फक्त मधातलं एक वाक्य काढून टाक… कोनतं? थांब. अहो, कोनतं?… म्हनतेत, तिले मालूम हाये… मले? मले नाई सांगतलं. 'फोटोखालचं, लाल अक्षरातलं', बस, एवढंच सांगून राह्यले.

काढता येत नाई?… काऊन?… तू नाई लिवलं, ते जसं होतं तसं हाये… अहो, ती म्हनते, पान तिचं नाई… म्हनतेत, 'माहं हाये ना? मी मालक, मी सांगतो काढ.'

मालक कोनीही असो?… मंग ते ठेवलं कोनं?… मशीन?… हाव… हाव… म्हंजे ते जगातल्या सगळ्या पानायवरून फिरते, आन जे जसं दिसलं तसं उतरून नेते. तारीख टाकून… कोनी सांगतलं त्याले?… कोनीच नाई!

नाई, समजलं मले. ते खानेसुमारीवाले येतेत ना, त्या दिवशी घरात जेवढे मानसं असतेत तेवढे लिवून नेतेत. मंग दुसऱ्या दिवशी कोनी घर सोडून पळालं तरी त्यायच्या कागदावर तो घरातच… हाव ना? पाह्य, मले समजलं. ह्यायलेच समजून नाई राह्यलं.

म्हनतेत, त्या मशीनच्या सायेबाचा नंबर घे… कुठी बसते तो?… अमेरिकेत हाये अहो… म्हनतेत, तुह्या बहिनीचा पोरगा तिथीच हाये, त्याले पाठवतो… अहो, अमेरिका काय मलकापूर हाये का, यष्टीनं जाऊन याले?

हाव, हाव, बोल. ऐकून राह्यली मी… बरं, काढू नको. पुसट कर?… पुसट बी नाई. अवं, प्रेसवाले म्हनतेत, आमी त्या वाक्यावर वेलबुट्टी टाकतो. फुलाची. म्हंजे वाक्य तिथीच राह्यते, फक्त दिसत नाई… ते बी खोटं होते?… लग्नाच्या पत्रिकेत बी तं टाकतेत बाई!… नाई. बरं. अहो, वेलबुट्टी नाई म्हनते.

आता नवीनच निघालं. म्हनतेत, 'ते वाक्य अकीलनं लिवलं, माहं नाई, असं छाप.'… अहो, अकीलच्या कॉम्प्युटर क्लासात बसून तुमी सांगत गेले आन त्यानं टाइप केलं. तो बिचारा रविवारच्या कार्यक्रमात माइकवाला हाये, त्याचं नाव खराब करून राह्यले… मी गप बसते. तूच सांग तुह्या आतोबाले… नाई, त्यायले फोन नको हाये. त्यायले फक्त काम पाह्यजे.

थांब, अजून एक. लाखो शेतकऱ्यायनं भेट देल्ली, असं लिव म्हनतेत… आकडा त्या पानावरच हाये? किती?… दोनशे बारा?… अहो, दोनशे बारा हाये… अवं, त्यातले दोनशे तं हेच असतीन. आंघोळ झाली की अकीलकडे जाऊन बटन दाबत बसत, माळ जपल्यासारखे. आकडा सरकला की चहा.

काय म्हनली?… एकच पान नाई?… तीन?… मशीन तीन येळा आलतं?… मिरगाच्या आधी एकदा, त्याच दिवाळीत एकदा, आन पुढच्या साली एकदा. अहो, तीन पानं हायेत… तीन! तिन्ही वेगळे हायेत म्हनते… अहो… काय झालं? पानी देऊ का?

नाई वं, काई नाई. ह्यायले ठसका लागला.

कोन आलं दारात?… अकील आला. चौकात फ्लेक्स लागला, पाहाले बोलावून राह्यला… जा ना तुमी. मी मनवते तिले… हाव, वाक्य काढल्याबिगर फोन ठेवत नाई. जा… फोन राहू द्या ना इथंच, मधात कुठी तोडू… चपला घाला. तिकडं नाई, खुर्चीखाली हायेत… हाव, तुमच्याच हायेत. चिनी नाई.

थांब गार्गी. दार लोटते.

हं. गेले.

आता सांग, कोनतं वाक्य?… खरंच नाई मालूम वं. मी काय कधी वाचली का ती वेबसाइट? उद्घाटनाच्या दिवशी कॉम्प्युटरले हळदीकुंकू लावलं, ओवाळलं. आन ह्यायनं त्या की-बोर्डाशेजारीच नारळ फोडला. पानी सगळं आत. अकील बिचारा आठ दिवस एकेक बटन उन्हात वाळवत होता. तेवढीच माही वेबसाइट.

वाच तू. मी ऐकते.

…

परत वाच. सावकाश.

'आता फवारणी विसरा'… हाव… 'बोंडअळी या बियाण्याच्या वाटेला जात नाही'… पुढं?… 'ही माझी जबाबदारी'… असं लिवलं हाये? जबाबदारी?… खाली नाव कोनाचं?… पुरं नाव?… फोटो बी हाये. टोपीतला. हाव, तो दुकानासमोरच काढला होता.

तारीख कोनती म्हनली?… म्हंजे मिरगाच्या आधीची. पेरनीच्या आधीची.

…

 

गार्गी, तुले मालूम हाये का त्या साली काय झालं?… तू शाळेत होती. दादानं नाई सांगतलं असंन तुले. त्यानं कोनालेच नाई सांगतलं… अवं, तुह्या बापानं, माह्या दादानं, त्या साली पुऱ्या रानात ते बीटी कपाशीचं बियानं पेरलं. घरच्या जवायाचं दुकान म्हनून. आन फवारलं नाई. एकदा बी नाई. शेजारचे म्हनत, नारायनराव, पंप काढा. हा म्हने, नाई लागत, आमच्या पाव्हन्यानं सांगतलं.

मंग काय… दिवाळीत बोंडं फोडून पाह्यले तं आतून अळी. दादा दुकानात इचाराले आला. गिऱ्हाईकं भरले होते. ह्यायनं सगळ्यायसमोर सांगतलं, 'नारायन, फवारू नको असं मी कवा म्हनलो? तुले शेतीच जमत नाई, त्याले बियानं काय करंन?'… हाव. असंच. लोकं हासले. दादा मागच्या मागं गेला. घर दुकानाच्या वरच होतं, पन मले भेटाले बी नाई चढला. परवावर भाऊबीज होती. मी अनारसे करून बसली होती.

इचारलं ना मी ह्यायले! म्हनले, तुहा भाऊ आळशी. मी तोंडानं सांगतलं होतं, फवार म्हनून. तिकडं दादाले इचारलं तं तो म्हने, नाई सांगतलं. मी कोनाचं खरं धरू? पुरावा कुठी होता? एक नवरा, एक भाऊ. मी आपली मधात, कोनाचीच बाजू न धरता.

आन तवापासून प्रत्येक लग्नात… ऐकलं ना तू बी? पंगत बसली की सुरू. 'आमचे साळे, अर्धवट कास्तकार.' लोकं जिलबी खातखात हासतेत, आन मी वाढत राह्यते. मले लय राग येते गार्गी. मठ्ठ्याचं भांडं डोक्यावर ओतावं वाटते. पन वाढत राह्यते.

दादा माह्या दारात चढला नाई मंग. मी जाते तिकडं, वर्सातून एखाद्या खेपी. बोलते तो, खाऊ घालते, यष्टीत बसवून देते. पन इकडं नाई. भाऊबीजेले मी काय करते, मालूम हाये?… चंद्राले ओवाळते. ज्यायले भाऊ नाई त्या बाया ओवाळतेत ना, तसं. भाऊ यष्टीनं अर्ध्या तासावर, आन मी ताट घेऊन गच्चीवर. एका साली आभाळ होतं, तं चंद्र बी नाई आला.

राहू दे. ते दुसरं पान वाच. दिवाळीतलं… 'बोंडअळी दिसल्यास शेतकरी बंधूंनी घाबरून जाऊ नये.' माय वं! म्हंजे दादाले दुकानातून काढलं, आन अकीलकडे जाऊन हे लिवलं… फवारनीचं वाक्य?… त्या पानावर नाई. गायब. आन पुढच्या सालचं?… 'बोंडअळीवर खात्रीचे औषध आमचेकडे मिळेल.'

थांब. मले हासू येऊन राह्यलं का रडू, मलेच समजून नाई राह्यलं. अळी येतच नाई, मंग आली तं घाबरू नका, मंग अळीचं औषध बी आमचंच!

गार्गी.

काढू नको.

हाव, तेच म्हनते मी. काढू नको. एक अक्षर काढू नको. पुसट नाई, वेलबुट्टी नाई, काई नाई. प्रेसले जसं हाये तसं धाड… अवं, काई नाई होत ह्यायले! सत्कार होईन, शाल भेटंन, नारळ भेटंन. गौरव अंक वाचते कोन? लोकं फोटो पाह्यतेत, आपला हाये का ते. ज्यानं वाचाले पाह्यजे त्या एका मानसानं वाचलं म्हंजे बस झालं.

दादाले दाखवलं का तू?… काऊन बोलत नाई?… गार्गी?

हे कोन खोकललं?

कोन हाये तिथी?… थांब, थांब. परत खोकललं. दोनदा, आन मंग थांबून एकदा. हा खोकला मले मालूम हाये. आमची माय म्हने, नारायन फाटकात, आन खोकला चुलीपाशी… तू पुण्यात नाई?… कवा आली गावाले?… आन मी तुले थंडी इचारून राह्यली! मंग तो कोंबडा…

फोन मोठ्यानं, स्पीकरवर लावला हाये?… पह्यल्यापासून?

…

दादा?

दादा, तू ऐकलं?… बोल ना रे… 

'मंजे' म्हनला ना तू? परत म्हन… नाई, रडून नाई राह्यली. रडत असन तं काय झालं? रडू दे ना मले… हाव… हाव दादा… मले मालूमच नव्हतं रे. मी तुले खोटं नाई म्हनलं कधी. पन खरं बी नाई म्हनलं… 'काई नाई' कसं? लय मोठं हाये ते. तू खरा होता, आन मी जिलब्या वाढत होती.

थांब. दार वाजलं.

आले हे… कसा हाये फ्लेक्स?… म्हनतेत, ह्यायच्यापेक्षा मोठे फोटो समितीचेच हायेत… हाव, झालं बोलनं. गार्गी म्हनते, दोनातली एकच गोष्ट निघू शकते… नाई. वाक्य नाई निघत. पाह्यजे तं तारीख काढते म्हनते… हाव, तारीख गेली म्हंजे पह्यली वेबसाइट बी गेली. मंग देऊळगाव राजावाल्यायची पह्यली. आता तुमी सांगा… सांगा ना… ती फोनवर हाये, प्रेसवाले बी वाट पाहून राह्यले…

राहू दे म्हनतेत. दोन्ही राहू दे.

ऐकलं का गार्गी? आतोबाची परवानगी भेटली. तारीख बी, वाक्य बी.

आता घ्या, फोन घ्या… गार्गी नाई. दादा हाये… कोनता म्हंजे? माहा दादा. नारायनराव. तुमचा अर्धवट कास्तकार… त्याले ते लाल अक्षरातलं तुमच्या तोंडून ऐकाचं हाये… घ्या ना. हात काऊन मागं नेऊन राह्यले? कानाले लावा… हं. बोला… अहो, बोला. लग्नात तं माइक सोडत नाई…

…

बोला म्हनते ना.

…

द्या इकडं.

दादा, मी हाये. ह्यायची रेंज गेली… नाई, फोनची चांगली हाये.

ऐक. भाऊबीजेले येशीन?… गार्गीले घेऊन. वयनीले बी आन… हे? हे असतीन ना. जातीन कुठी? समोरच पाट मांडते, दुकानाच्या पायरीपाशी. लोकं जातायेता पाह्यतीन… अहो, तिथीच मांडनार. आत नाई. दुकानातूनच गेलता ना तो?

आन दादा, साडीबिडी आनू नको. कपाटात जागा नाई माह्या. ते पान आन. पह्यलं, मिरगाच्या आधीचं. मोठं छापून, काचेत बसवून. ओवाळनी म्हनून तेच टाक ताटात… हाव, तारखेसगट.

चंद्राचं काय?… त्याले यंदा सुट्टी.

बरं, ठेवते आता. ह्यायले पानी देते. परत ठसका लागला.